हाताला आधी कळतं

परवा दुपारी मी सूप पुढे घेऊन भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते. तेवढ्यात शेजारची सूनबाई तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. आल्या आल्या तिने लेकीला सांगितलं, काकूंना आकडे म्हणून दाखव बरं. पोरगी हाताची घडी घालून उभी राहिली आणि एक ते शंभर एका दमात म्हणून मोकळी झाली. मला कौतुक वाटलं. मी सूप तिच्यापुढे सरकवलं आणि यातल्या पाच शेंगा मला दे म्हटलं. तिने सुपाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मोजल्या तर अकरा भरल्या.

आई बिचारी खजील झाली. अगं, रोज घोकून घेते हिच्याकडून, असं दोनतीनदा म्हणाली. संध्याकाळी भिंतीपलीकडून पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि धपाट्याचा आवाजही.

मला राहून राहून वाटत होतं की यात त्या मुलीचं काय चुकलं? शंभर आकडे तिला पाठ होते, पण पाच म्हणजे किती हे कधी कुणी तिच्या हातात दिलंच नव्हतं. शब्द तिच्याजवळ होता, अर्थ नव्हता. शाळेच्या भाषेत ज्याला संकल्पना म्हणतात, ती अजून तयार व्हायची होती. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, त्या सूनबाईला नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. माझा मुलगा दुसरीत असताना त्याला हातच्याची बेरीज कळेना, तेव्हा मीही फूटपट्टी हातात घेऊन बसले होते. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. हा एक कुठून आला आणि कुठे गेला, असं तो परत परत विचारायचा. मी म्हणायची, जास्त प्रश्न विचारू नकोस, असंच असतं. पुढे गणित त्याच्या आयुष्यातून जे उठलं ते उठलंच.

बऱ्याच वर्षांनी, आमच्या महिला मंडळाने वस्तीत बालवाडी सुरू केली तेव्हा मी एका प्रशिक्षणाला गेले. तिथे मण्यांची एक पेटी हाताळायला मिळाली. हातचा म्हणजे काय ते मला वयाच्या पस्तिशीत कळलं, बी.ए. होऊन! ती पेटी जिने घडवली तिच्याविषयी आज लिहायचं आहे. तिचं नाव आपल्या गावात प्रत्येकीने पाटीवर वाचलेलं आहे. अमुक माँटेसरी, तमुक माँटेसरी. अनेकींना तर माँटेसरी म्हणजे बालवर्गाचंच नाव वाटतं. ते एका बाईचं आडनाव आहे.

मारिया माँटेसरी. जन्म ३१ ऑगस्ट १८७०, इटलीतल्या कियाराव्हाले नावाच्या लहानशा गावी. आईवडिलांची एकुलती एक. वडील सरकारी नोकरीत आणि जुन्या वळणाचे, आई मात्र वाचनाची आवड असलेली, लेकीच्या पाठीशी उभी राहणारी. वडिलांच्या बदलीमुळे १८७५ मध्ये हे कुटुंब रोमला आलं. त्या काळी तिकडेही मुलींनी शिकायचं ते फार तर शिक्षिका होण्यापुरतं. वडिलांची इच्छाही तीच होती. मारियाला नेमकं तेच नको होतं. तेराव्या वर्षी ती तांत्रिक शाळेत गेली. आधी इंजिनीअर व्हायचं मनात होतं, मग डॉक्टर व्हायचं ठरवलं.

मेडिकलला प्रवेश मिळवायला झगडावं लागलं आणि मिळाल्यावरही सुख नव्हतं. मुलांच्या बरोबरीने मुलीने मृतदेहाची चिरफाड करणं लोकांना प्रशस्त वाटेना. म्हणून सगळे निघून गेल्यावर, संध्याकाळी, तिला एकटीला ते काम करावं लागे. १० जुलै १८९६ रोजी ती डॉक्टर झाली. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच्या दहा वर्षं आधी, १८८६ मध्ये, अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या. पण इटलीत तेव्हा डॉक्टर झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. त्याच वर्षी बर्लिनला भरलेल्या महिला परिषदेत तिने इटलीच्या स्त्रियांची बाजू मांडली आणि समान कामाला समान मजुरी मागितली. वय सव्वीस!

इथून पुढे आपण त्यांना माँटेसरीबाईच म्हणू या.

रोम विद्यापीठाच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात त्या काम करू लागल्या. त्या कामासाठी वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागे. तिथे मतिमंद मुलांनाही मोठ्या वेड्यांबरोबर कोंडून ठेवलेलं असायचं. एक गोष्ट सांगतात. एका रिकाम्या खोलीत अशी काही मुलं होती. जेवण झालं की ती जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करत बसायची. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस यायची, तिला वाटायचं ही पोरं अधाशी आहेत. माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत हातात धरावी अशी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची होती.

मग त्यांनी इटार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची पुस्तकं शोधून काढली. त्यांच्याही आधी या दोघांनी अशा मुलांना शिकवण्यासाठी आयुष्य वेचलं होतं. सेगँने स्पर्शाची, आकारांची, रंगांची कितीतरी साधनं तयार केली होती. बाईंनी ती पुस्तकं स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढली. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी शाळा निघाली, तिच्या त्या एक संचालक झाल्या. दिवसभर मुलांबरोबर राहायचं आणि रात्री टिपणं काढायची. ज्यांना काही येणारच नाही असं जग धरून चाललं होतं, त्यांतली काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या बरोबरीने लिहिण्यावाचण्याची परीक्षा पास झाली. सगळीकडे वाहवा झाली. बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ही मुलं जर इतकं करू शकतात, तर चांगली धडधाकट मुलं शाळेत इतकी मागे का राहतात?

या कीर्तीच्या मागे एक दुखणं होतं, ते त्यांनी कितीतरी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. बरोबर काम करणाऱ्या जुझेप्पे मोंतेसानो या डॉक्टरांवर त्यांचं प्रेम होतं. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालं नाही. लग्नाशिवाय मूल असलेल्या बाईला त्या काळी ना नोकरी उरली असती, ना समाजात तोंड दाखवायला जागा. मूल खेड्यातल्या एका कुटुंबाकडे सांभाळायला दिलं गेलं. १९०१ मध्ये मोंतेसानो दुसरीशी लग्न करून संसाराला लागले. बाईंनी ती संस्था सोडली आणि पुन्हा विद्यापीठात जाऊन तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र शिकायला सुरुवात केली. अधूनमधून त्या मुलाला भेटायला जात, पण आई म्हणून नाही. जगाच्या लेकरांना समजून घेणाऱ्या या बाईच्या पदरात स्वतःचं लेकरू नव्हतं. हे वाचलं तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक बराच वेळ तसंच राहिलं.

१९०६ च्या सुमाराला त्यांच्याकडे एक वेगळंच काम आलं. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या चाळी एका कंपनीने दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर मजुरीवर. शाळेचं वय न झालेली पोरं जिन्यात हुंदडायची, नव्या भिंती खराब करायची. भिंती पुन्हा पुन्हा रंगवण्यापेक्षा पोरांना एका खोलीत सांभाळलेलं स्वस्त पडेल, असा कंपनीचा साधा हिशेब. ते काम बाईंना दिलं गेलं आणि ६ जानेवारी १९०७ रोजी बालगृह सुरू झालं. पन्नासेक मुलं, तीन ते सहासात वर्षांची. त्यांच्यापाशी राहायला एक साधी मुलगी, फारसं शिक्षिकेचं शिक्षण न झालेली. नियम दोनच महत्त्वाचे होते. मुलांना स्वच्छ करून पाठवायचं आणि आईने अधूनमधून येऊन बोलायचं. आपल्या बालवाडीतही आम्ही अजून हेच सांगत असतो!

बाईंनी तिथे आपली साधनं ठेवली आणि पाहत बसल्या. शिकवायला नाही, पाहायला. यातच त्यांचं वेगळेपण होतं. एक दिवस तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवत होती. सगळे बसवायची, काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. बाईंनी मोजायला सुरुवात केली. मुद्दाम बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, मुलीचं लक्ष हललं नाही. ती बसली होती त्या खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीत गोळा केले आणि पुढे चालू! चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं. मग आपणहून थांबली, झोपेतून ताजीतवानी होऊन उठल्यासारखं हसून इकडेतिकडे पाहिलं. कुणी शाबास म्हटलं नव्हतं, कुणी खाऊ दिला नव्हता.

तीच ती गोष्ट चाळीस वेळा करून काय मिळालं तिला? आपल्याला वाटतं वेळ घालवतेय. बाईंना दिसलं ते असं की मूल स्वतःच्या मनात काहीतरी घडवतंय. जाड आणि बारीक, खोल आणि उथळ, यातला फरक त्या मुलीला कुणी सांगून कळणार नव्हता. दट्टा चुकीच्या खाचेत बसत नाही, शेवटी एक उरतो आणि मूल ओळखतं की कुठेतरी चुकलं. चूक दाखवायला वस्तूच पुरेशी असते, आईची किंवा बाईंची बोलणी लागत नाहीत. चूक झाली म्हणून अपमान होत नाही, म्हणून मूल पुन्हा करून बघायला घाबरत नाही.

त्यांच्या साधनांमागचा विचार तसा सोपा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दहा गुलाबी घनाकृती ठोकळे, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. रंग एक, आकार एक, लाकूड एक. बदलतं ते फक्त लहानमोठेपण. म्हणजे मुलाचं लक्ष नेमकं तिथेच जातं. आपल्या आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असायची, आठवते ना? खाली मोठा डेरा, वर लहान होत गेलेली गाडगी. तसाच मनोरा मूल रचतं. आता आपण काय करतो पाहा. लाल रंग शिकवायचा तर लाल चेंडू, निळी मोटार आणि पिवळं बदक पुढे ठेवतो. मुलाने लाल म्हणजे रंग समजायचा, गोल आकार समजायचा, की खेळणं?

आणि बोलायचं किती? आपण बायका मुळात बोलघेवड्या, त्यात मुलाला शिकवायचं म्हटलं की विचारूच नका. बाईंनी अशाच एका शिक्षिकेची हकिगत लिहून ठेवली आहे. तिला निळा रंग शिकवायचा होता. तिने आधी मुलांना ओळखा पाहू माझ्या हातात काय आहे म्हणून कोड्यात टाकलं, मग आकाश पाहिलंत का विचारलं, मग स्वतःच्या एप्रनकडे वळली, मग फळांकडे. शेवटी मुलांच्या डोक्यात काय राहिलं असेल देव जाणे. मूळ वस्तूवरचा शब्दांचा पाचोळा बाजूला करा, असं बाईंचं सांगणं.

त्यासाठी सेगँकडून घेतलेली एक तीन पायऱ्यांची रीत त्या वापरत. ती प्रत्येक घरात वापरता येईल म्हणून नीट सांगते. मुलाने वस्तू हाताळून फरक अनुभवला की पहिली पायरी, नाव सांगणं. हे खरखरीत, हे गुळगुळीत. एवढंच, जास्त भाषण नाही. दुसरी पायरी, ओळखायला लावणं. खरखरीत कुठलं ते दे, गुळगुळीत लपव, खरखरीत खिडकीत ठेव. ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खेळायची. तिसरी पायरी, हे काय आहे असं विचारणं. मूल दुसऱ्या पायरीवर चुकलं तर नाही, चूक, असं म्हणायचं नाही. हसून वस्तू उचलून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. चुकलं याचा अर्थ ते मूल मठ्ठ आहे असा नाही. नाव आणि अनुभव यांची गाठ अजून पडलेली नाही, इतकंच. आपण बहुतेक जणी पहिली पायरी घाईत उरकतो, दुसरी गाळतो आणि थेट तिसरीवर उडी मारून परीक्षा घेतो.

आता आमच्या शेजारच्या पोरीकडे येऊ. सुटे मणी मोजताना मूल एक, दोन, तीन म्हणत प्रत्येकावर बोट ठेवतं. त्याला वाटू शकतं की तीन हे त्या तिसऱ्या मण्याचं नाव आहे, जसं घरातल्या धाकट्याचं नाव बंड्या असतं. तीन म्हणजे तिन्ही मिळून, हे त्याला कसं कळावं? बाईंनी त्यासाठी दहा काठ्या केल्या. पहिली दहा सेंटिमीटर, दहावी एक मीटर. त्यावर दहा दहा सेंटिमीटरचे लाल आणि निळे पट्टे. पाचाची काठी उचलली की अख्खे पाच एकदम हातात येतात. चारापेक्षा पाच मोठे हे डोळ्यांना दिसतं, काठी पेलताना हातांना कळतं. दोनाची आणि तिनाची काठी एकापुढे एक ठेवली की पाचाएवढीच भरते. बेरीज झाली, बेरीज हा शब्दही न उच्चारता.

मग सुट्या काड्यांचा खेळ. पेटीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि काड्या बरोबर पंचेचाळीस. प्रत्येक कप्प्यात त्या आकड्याइतक्या काड्या टाकायच्या. शून्याचा कप्पा रिकामा राहतो. शून्य समजावून सांगायला किती अवघड! बाई मुलांना म्हणत, माझ्याकडे शून्य वेळा या. मुलं धावत येत. अरे, हे तर एकदा झालं! पुन्हा पुन्हा खेळल्यावर मुलांना उमजायचं की शून्य वेळा म्हणजे जागेवर गप्प बसून राहायचं. मग त्या स्वस्थ बसण्यातच त्यांना मौज वाटायची.

आणि ती मण्यांची पेटी, जिच्यापाशी माझी पस्तिशी उजाडली. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मणी तारेत ओवलेले, ते दशक. अशा दहा तारा जोडून चौकोन, तो शतक. असे दहा चौकोन एकावर एक, तो हजाराचा ठोकळा. सात मणी आणि पाच मणी एकत्र करा, बारा होतात. त्यातले दहा सुटे मणी परत द्यायचे आणि बदल्यात दहाची एक तार घ्यायची, सुट्या पैशांच्या बदल्यात नोट घ्यावी तशी. दोन मणी उरले आणि एक तार हातात राहिली. हातचा! अक्षरशः हातात असलेला. आपल्या पूर्वजांनी किती नेमका शब्द ठेवला होता, आणि आपण हात रिकामा ठेवून तो मुलांकडून घोकून घेत होतो. आपल्याकडे शाळेत दहा काड्यांची जुडी बांधून दशक दाखवायची पद्धत आहे, तीही हेच सांगते. पण जुडी बाईंच्या टेबलावर राहिली आणि मुलाच्या हातात आलीच नाही, तर उपयोग काय?

लिहिण्याची गोष्टही अशीच. सान लोरेन्झोतल्या अडाणी आया बाईंकडे आल्या आणि आमच्या मुलांना लिहायवाचायला शिकवा म्हणून गळ घातली. बाईंना हवी तशी लाकडी अक्षरं बनवून मिळेनात. मग त्यांनी पुठ्ठ्याची अक्षरं कापली आणि खरकागदाची अक्षरं चिकटवली. मुलं त्यावरून बोट फिरवायची आणि अक्षराचा उच्चार करायची. डोळा, कान आणि बोट एकाच वेळी कामाला लागायचं. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी बाई मुलांना घेऊन गच्चीत बसल्या होत्या. पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू दिला आणि धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने चित्र काढलं, क्षणभर थांबला आणि मला लिहिता येतं म्हणून ओरडत फरशीवर शब्द लिहिला. पहिला शब्द होता, हात. मग धुराडं, मग छप्पर. तोवर कुणी त्याच्या हातात लेखणी देऊन गिरवून घेतलं नव्हतं. बघता बघता बाकीची मुलंही लिहायला लागली. तयारी आतून होत होती, बाहेर यायला तिचा दिवस यावा लागला.

१९०९ मध्ये बाईंनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि काही वर्षांत त्यांचं नाव जगभर झालं. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचं मोठं स्वागत झालं. पण त्याच सुमाराला त्यांच्या आयुष्यात त्याहून मोठी गोष्ट घडली. १९१२ च्या शेवटी त्यांची आई वारली आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहायला आला. तो पुढे जन्मभर त्यांच्या कामात त्यांच्याबरोबर राहिला. तरी लोकांपुढे तो कधी भाचा असे, कधी मानसपुत्र.

सगळंच काही चांगलं झालं नाही, तेही सांगायला हवं. इटलीत मुसोलिनीची सत्ता आल्यावर १९२४ पासून त्याने या शाळांना पाठबळ दिलं आणि बाईंनी ते घेतलं. स्वतः विचार करणारी मुलं घडवायची आणि आश्रय हुकूमशहाचा, हे जुळणार कसं? व्हायचं तेच झालं. १९३४ मध्ये संबंध तुटले आणि इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनीही बंद केल्या. बाई स्पेनमध्ये राहत होत्या, तिथे १९३६ मध्ये यादवी पेटली. मग हॉलंड. साठी उलटलेली बाई, हातात बॅगा घेऊन देशोधडीला लागलेली.

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून त्या मारिओसह भारतात आल्या. मद्रासच्या अड्यारमध्ये त्यांचा वर्ग सुरू झाला, तीनशेच्या आसपास शिक्षक देशभरातून आले होते. काही महिने राहून परत जायचा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी हे मायलेक शत्रू ठरले. मारिओला छावणीत नेलं, बाईंना अड्यारच्या आवारातच राहण्याची सक्ती झाली. पुन्हा ताटातूट.

३१ ऑगस्ट १९४० ला त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत, अशा अर्थाची. जो शब्द त्यांना बेचाळीस वर्षं चारचौघांत उच्चारता आला नव्हता, तो सरकारी तारेत लिहून आला. मुलगा. काय झालं असेल त्या माऊलीला, याची कल्पना तुम्हीआम्ही करू शकतो.

युद्धामुळे त्यांना १९४६ पर्यंत इथेच राहावं लागलं. त्यातली काही वर्षं त्या कोडाइकनालला होत्या. पुढे पुन्हा येऊन १९४९ पर्यंत त्यांनी इथे काम केलं. हजाराहून जास्त भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधल्या नूर्डवाइक इथे त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आपल्याकडे हा विचार त्यांच्या आधीच पोचला होता. भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. ताराबाईंना लवकरच जाणवलं की ही महागडी लाकडी साधनं गरिबाच्या पोराला परवडणारी नाहीत. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. तिथे शिंपले, बिया, खडे, पानंफुलं हीच साधनं झाली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज खेडोपाडी रुळलेला शब्द त्यांच्याच कामातून आला. माँटेसरीबाईंच्या नावाच्या पाट्या शहरांत लागल्या, पण त्यांचं सार कोसबाडच्या अंगणात उतरलं, असं मला वाटतं. पाटी कुणीही लावू शकतं. आत मुलाच्या हातात काय आहे, ते बघून शाळा निवडावी.

शेजारच्या सूनबाईला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. माझ्या फूटपट्टीची गोष्ट तिला सांगितली. म्हटलं, महिनाभर आकडे घोकणं बंद ठेव. ताटं घेताना लेकीला म्हण, आपण चार माणसं, चार वाट्या मांड. चार चमचे आण, एकेका वाटीत एकेक ठेव. डबे आणि झाकणं तिच्यापुढे टाक, जोड्या तिला लावू दे. पातेली एकात एक घालू दे. मूग आणि मटकी मिसळली तर वेगळी करू दे. चुकली तर गप्प बस. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही.

तिला पटलं की नाही, कळलं नाही. शाळेतून गृहपाठ येतो त्याचं काय करू, असं ती म्हणाली, आणि तो प्रश्न खराच आहे. बालवर्गातल्या मुलांना पानंच्या पानं लिहायला देऊ नका, हे आपण आयांनीच एकत्र जाऊन शाळेत सांगायला हवं. एकटीचं कोण ऐकणार?

गेल्या रविवारी मी पुन्हा शेंगा घेऊन बसले होते. पोरगी आली आणि न विचारता शेजारी बसली. शेंगा एकेक करून माझ्यासमोर मांडत होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी मान वर केली नाही. थोड्या वेळाने तिने माझा हात ओढून पुढे घेतला आणि त्यावर तीन शेंगा ठेवल्या. एक आईला, एक बाबांना, एक मला, असं म्हणाली.

पाचापर्यंत पोचायला तिला अजून वेळ आहे. असू दे.